मुलगे इकडे, मुली तिकडे? बालवाडीच्या रोजच्या दिवसात समता आणि आदर कसा रुजवायचा

बालवाडीत समता शिकवायची म्हटली की आधी आठवतात भिंतीवरची पोस्टर्स, एखादा खास दिवस आणि त्या दिवशी वैमानिकाच्या वेषात उभी केलेली एक मुलगी. हे करायला हरकत काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताई म्हणतात, "मुलगे इकडे, मुली तिकडे," आणि आदल्या दिवशीचं सगळं त्या एका वाक्यात पुसलं जातं. चार वर्षांचं मूल उपदेशातून फारसं काही घेत नाही. मोठी माणसं गट कशावरून पाडतात, कुणाचं ऐकून घेतात, कुणाला गप्प बसवतात, हे ते टक लावून बघत असतं. म्हणून या लेखात समतेचा वेगळा तास कुठेच नाही. आहे त्याच दिवसात काय बदलायचं, कोणत्या क्रमाने बदलायचं, आणि एखादं मूल काही बोललं तर पुढच्या दहा सेकंदांत आपण काय म्हणायचं, एवढंच सांगायचं आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवली आहेत. यातलं बरंचसं घरीही चालेल.

आधी हे वय समजून घ्या

साधारण अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं. पण मोठेपणीही आपण तेच राहणार, कपडे किंवा केस बदलले तरी तेच राहणार, हे पक्कं कळायला सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये हे टप्पे मांडले. मधल्या काळात मुलाच्या लेखी बाहेरून दिसणाऱ्या खुणा म्हणजेच ओळख. मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी आपल्या मुलाची एक हकिगत लिहून ठेवली आहे. तो केसांना क्लिप लावून बालवाडीत गेला, तर एक सवंगडी दिवसभर त्याच्या मागे लागला की तू मुलगीच आहेस. त्याने परोपरीने समजावलं, शरीराचा दाखला दिला, पण उपयोग शून्य. क्लिप आहे ना, मग मुलगी. विषय संपला.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. चार-पाच वर्षांची मुलगी गुलाबी सोडून दुसऱ्या रंगाला हात लावत नसेल, किंवा पाच वर्षांचा मुलगा "शी, हे मुलींचं" म्हणत असेल, तर तुमचे प्रयत्न वाया गेले असं समजू नका. नियम नुकताच कळलेला असतो, म्हणून तो जिवापाड पाळला जातो. पुढे बहुतेक मुलं यात सैल होतात. तो हट्ट मोडायला जाऊ नका, मात्र त्याला खतपाणीही घालू नका. घाई एवढ्यासाठी करायची की ठसे लवकर उमटतात. लिन बियान आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून आपल्यातल्याच कुणाला निवडत होत्या, मुलग्यांइतक्याच. सहाव्या-सातव्या वर्षी ते प्रमाण घसरलेलं दिसलं. म्हणजे शाळेच्या पहिल्या इयत्तेच्या आसपास काहीतरी निसटतं, आणि त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आपल्या हातात असतात.

पहिली पायरी: आठवडाभर स्वतःकडे बघा

मुलांच्या आधी आपण. ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण "मी भेदभाव करत नाही" याची प्रत्येकाला खात्री असते. खात्री असणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगते. १९७६ मध्ये कॉन्ड्री दांपत्याने दोनशेहून अधिक जणांना एकाच बाळाची एकच चित्रफीत दाखवली. अर्ध्यांना सांगितलं की हा मुलगा आहे, अर्ध्यांना सांगितलं की ही मुलगी आहे. डबीतून बाहुला टुणकन उडी मारून बाहेर येतो आणि बाळ रडतं. 'मुलगा' बघणाऱ्यांना बाळ चिडलेलं वाटलं, 'मुलगी' बघणाऱ्यांना घाबरलेलं. बाळ तेच, रडणंही तेच.

बेव्हर्ली फॅगट आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा अभ्यास तर आपल्याच कामाचा आहे. तेरा-चौदा महिन्यांची मुलगे-मुली सारखीच ओढाओढ करत होती, सारखंच हातवाऱ्यांनी आणि आवाजांनी बोलत होती. पण सांभाळणाऱ्या बायका मुली हळुवार बोलल्या की लक्ष देत, आणि मुलग्यांनी ओढलं-ढकललं की धावत. अकरा महिन्यांनी पाहिलं तर खरोखरच मुली मोठ्यांशी जास्त बोलत होत्या आणि मुलगे जास्त दांडगाई करत होते.

तेव्हा एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. रोज एकाच गोष्टीच्या खुणा करा, सगळ्या एकदम नाही. सोमवारी: गोलात बसल्यावर उत्तर द्यायला कुणाला उठवलं? मंगळवारी: शाबासकी कशाबद्दल दिली? फ्रॉक, केस, अक्षर, नीटनेटकेपणा यांबद्दल, की धाडस, ताकद, युक्ती यांबद्दल? बुधवारी: मदतीला कुणाला हाक मारली, पुसायला कुणाला आणि टेबल सरकवायला कुणाला? गुरुवारी: "थांब जरा, मध्ये बोलू नकोस" कुणाला म्हणालात? शुक्रवारी: पडून खरचटल्यावर कुणाला किती वेळ जवळ घेतलं? खुणा दुसऱ्या ताईंनी केल्या तर आणखी चांगलं, कारण शिकवता शिकवता स्वतःचं मोजणं अवघड जातं. फोनवर पंधरा मिनिटांचं चित्रण केलं तरी चालतं, फक्त पालकांची परवानगी असावी आणि पाहून झाल्यावर ते पुसून टाकावं.

कागदावर जे येईल ते मुख्याध्यापकांकडे देऊ नका. त्याचं मूल्यमापन झालं की खुणा खोट्या होऊ लागतात.

एक जागा मात्र मुद्दाम तपासा. दंगेखोर मुलग्याच्या शेजारी शांत मुलगी बसवण्याची पद्धत. वर्ग आटोक्यात राहतो खरा, पण ती मुलगी चौथ्या वर्षी दुसऱ्याचं वागणं सांभाळायच्या नोकरीला लागते आणि त्या मुलग्याला कळतं की आपल्याला आवरणं हे शेजारणीचं काम आहे. ही एक सवय सोडलीत तरी बरंच काही साधलं.

दुसरी पायरी: दिवसाच्या कारभारातून विभागणी काढा

माझ्या मते सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात परिणामकारक पायरी हीच. लेसी हिलियार्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे काही वर्ग घेतले. त्यातल्या काही वर्गांत शिक्षकांनी दोन आठवडे मुलगे-मुली हा फरक उठून दिसेल असं ठेवलं: हाक मारताना तसे शब्द, रांगा तशा, फलकही तसे. कुणी वरचढ, कुणी कमी, असं एका शब्दाने कुणी म्हटलं नव्हतं, स्पर्धाही लावली नव्हती. तरीही त्या वर्गांतल्या मुलांचे साचेबंद समज वाढले, दुसऱ्या गटातल्या मुलांबद्दलचं मत उतरलं आणि त्यांच्याशी खेळणंही कमी झालं. अवघ्या दोन आठवड्यांत.

म्हणून रांग लावायची तर लावा, पण ज्यांच्या कपड्यात निळा रंग आहे ते आधी, ज्यांचं नाव 'स'ने सुरू होतं ते नंतर, ज्यांना लहान भावंड आहे ते मग, अशी. मुलांना ही रांग एखाद्या कोड्यासारखी आवडते आणि जाता जाता रंग-अक्षरांची उजळणीही होते. "मुलींनो, मुलग्यांनो" ऐवजी "चला मंडळी", "फुलपाखरू गट", किंवा सरळ नावं. दप्तराच्या खणांवर गुलाबी-निळी चिठ्ठी नको. प्रत्येकाने आपलं चित्र स्वतः निवडावं. हजेरीत आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली असतील तर ती अक्षरक्रमाने लावा. "बघू या मुली जिंकतात की मुलगे" हा खेळ कायमचा बंद.

याचा अर्थ मुलगा-मुलगी हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत असा नाही. स्वीडनमध्ये पूर्वप्राथमिकच्या अभ्यासक्रमातच स्त्री-पुरुषांचे ठरीव साचे मोडायची जबाबदारी शाळांवर टाकलेली आहे. हे काम विशेष कसोशीने करणाऱ्या तिथल्या एका बालशाळेचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या मुलांनाही समोरचा मुलगा आहे की मुलगी, हे इतर शाळांतल्या मुलांइतकंच कळत होतं. मात्र अनोळखी मुलाशी खेळायचं का, हे ठरवताना ती त्या फरकाला कमी किंमत देत होती, आणि साचेबंद समजही कमी होते.

तिसरी पायरी: कोपऱ्यांची मांडणी

ठोकळ्यांचा कोपरा एका टोकाला आणि बाहुलीघर दुसऱ्या टोकाला असेल तर वर्ग आपोआप दुभंगतो. दोन्ही शेजारी आणा, मधली पाटी काढा. बाहुलीघरात पाना, टॉर्च, मोजपट्टी ठेवा. ठोकळ्यांत छोटी माणसं, कापडाचे तुकडे, प्राणी टाका. आठवड्याभरात बाहुलीच्या घराला गच्ची बांधायची टूम निघते आणि बांधकामावर दोघं-तिघं जास्तीचे कामाला लागतात.

ठोकळ्यांवर एखाद्याने मालकी गाजवली असेल तर काही दिवस पाळी लावा. कुणी आधी खेळायचं हे चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे "मुलींची पाळी" म्हणायची वेळ येत नाही. एखादं मूल कुठेच जात नसेल तर त्याला ढकलू नका. तुम्ही स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसा. मोठं माणूस जिथे बसतं तिथे मुलं गोळा होतात. हे कुठल्याही खेळण्यापेक्षा प्रभावी आहे.

नवीन खेळणं आणलंत तर ते कुणाचं, याबद्दल अवाक्षर काढू नका. कॅरोल मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की खेळणं कितीही आकर्षक असो, ते 'दुसऱ्यांचं' आहे असं सांगितलं की मुलांना ते कमी आवडू लागतं. इथे एक बारीक खाच आहे. "मुलीसुद्धा ट्रक चालवू शकतात बरं का!" हे सदिच्छेने म्हटलेलं वाक्य. पण त्यातल्या 'सुद्धा'मुळे ज्या मुलीला ट्रक मुलग्यांचा आहे हे माहीतच नव्हतं, तिलाही ते कळतं. "हा ट्रक मागेही जातो, बघ" एवढं पुरे.

चौथी पायरी: गोष्टी आणि चित्रं

यावर फार वेळ घालवू नका. पुस्तकं सगळी बदलायला पैसेही लागतात. आहेत त्याच गोष्टींत प्रश्न घाला: "राजकन्येने स्वतः काय केलं असतं?" "राजपुत्राला भीती वाटली असेल का?" प्राण्यांच्या गोष्टी सांगताना हत्ती, ससा, कासव, सगळेच 'तो' होऊन बसतात, तिथे अधूनमधून हत्तीण आणि वाघीण आणा. आणि ती फक्त आई म्हणून नको, वाट शोधणारी, खोड्या काढणारी, चुकणारीही असू द्या. बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाबाचं एखादं चित्र भिंतीवर असावं, पण त्यावर भाषण नको.

पाचवी पायरी: ती दहा सेकंदं

खरं काम इथे आहे. मूल काहीतरी बोलून जातं, आपण गडबडतो, आणि एक तर रागावतो किंवा न ऐकल्यासारखं करतो. दोन्ही चुकीचं. रागावलं की मूल तेच वाक्य आपल्या पाठीमागे म्हणतं. दुर्लक्ष केलं की ज्याला ते लागलं, त्याला वाटतं ताईंनाही ते पटलं.

क्रम असा ठेवा. ज्याला बोललं गेलं त्याच्याकडे आधी बघा, ज्याने बोललं त्याच्याकडे नंतर. मग एक प्रश्न किंवा एक उलट उदाहरण. मग खेळ पुढे. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंदं.

बाहुलीघरात एक मुलगा बाहुलीला थोपटून झोपवतोय. दुसरा येऊन हसतो, "ए, हा मुलगी झाला!"

ताई (पहिल्याला): "झोपलं का रे बाळ? थोपटतोयस छान."

मग दुसऱ्याला: "तू लहान होतास तेव्हा तुला कोण कोण थोपटायचं?"

"आई... बाबा पण."

"मग बाबा मुलगी झाले होते का?"

"नाऽऽही!"

"तेच तर. तुला दुसरी उशी हवी का?"

इथे थांबायचं. "म्हणून बाळांनो, लक्षात ठेवा" सुरू केलंत की मघाची सगळी मजा गेली.

"मुलींना गोलकीपर होता येत नाही." यावर "असं म्हणू नये" म्हणण्यापेक्षा "तुला कसं कळलं?" विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "कालचा बॉल तिने सोडला." मग मुद्दा त्या बॉलवर आणता येतो: "हो, कालचा सुटला. तू किती सोडलेस? चला, दोघांनी सराव करा." चुकीच्या नियमाच्या आड बरेचदा एखादी खरी घटना दडलेली असते.

"तू नको, आम्ही फक्त मुलगे खेळतोय." या एका वाक्याला मात्र चर्चा नाही. नियम आधीच ठरलेला हवा: जागा कमी आहे, खेळ अर्ध्यावर आला आहे, ही कारणं चालतील, मुलगा किंवा मुलगी असणं हे कारण चालणार नाही. शांतपणे तेवढंच सांगा आणि नव्या भिडूला खेळात काम शोधून द्या. नुसतं "घ्या तिला" म्हणून आपण निघून गेलो की ती कडेला उभी राहते.

मुलांनाही उत्तरं देऊन ठेवा. "खेळणी सगळ्यांची असतात", "मला आवडतं म्हणून खेळतोय", अशी दोन-तीन छोटी वाक्यं बाहुल्यांच्या नाटकातून पाठ होतात. मोठी वाक्यं ऐन वेळी आठवत नाहीत. आणि फ्रॉक घालून नटलेल्या मुलग्याला किंवा केस बारीक कापलेल्या मुलीला रोजच चिडवलं जात असेल, तर ते कपड्यांविषयीचं नुसतं कुतूहल राहिलेलं नाही, छळ आहे. तो छळ म्हणूनच हाताळा.

सहावी पायरी: 'नको'ला वजन द्या

समता आणि आदर हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या वर्गात प्रत्येकाचं 'नको' ऐकलं जातं, तिथे आदर वेगळा शिकवावा लागत नाही.

सुरुवात स्पर्शापासून. सकाळी दारात निवड ठेवा: मिठी, टाळी, नमस्कार की नुसतं हसू. मुलाने बोट दाखवावं आणि आपण तेच करावं. गाल ओढणं, न विचारता उचलून घेणं, पापा मागणं, हे मोठ्यांनी आधी बंद करायचं. पाहुणे आले तरी.

पकडापकडी आणि कुस्ती बंद करू नका, मुलांना त्याची गरज असते. फक्त थांबायची खूण ठरवा: हात पुढे, "थांब!" कुणीही म्हणावं, लगेच सगळे दगड. हा खेळ आधी गंमत म्हणून, मोकळ्या वेळी भरपूर खेळून घ्या. तोंडं बघायलाही शिकवा. "ती हसतेय का? नीट बघ. ओठ हसतायत, पण हात ढकलतायत." गुदगुल्यांत हे फार होतं, आणि चार वर्षांच्या मुलाला हा फरक दाखवला की कळतो.

एक वाक्य मोठ्यांनी कायमचं सोडावं: "तू त्याला आवडतेस ना, म्हणून तो केस ओढतो." त्रास म्हणजे आवड, असं एवढ्या लहान वयात तिच्या आणि त्याच्याही मनात कशाला भरवायचं? त्याऐवजी त्याला: "केस ओढल्यावर तिला दुखलं. तिच्याशी खेळायचंय का? मग विचार." आणि तिला: "तू 'नको' म्हणालीस, ते मी ऐकलं." जबरदस्तीचं "सॉरी म्हण" काहीच शिकवत नाही. "आता तिला बरं वाटावं म्हणून काय करू या?" यातून मूल पाणी आणतं, मोडलेला मनोरा परत लावायला बसतं.

आवडीवरूनही मोठे लोक मुलांना उगाच लाजवतात. एक मुलगा आणि एक मुलगी रोज सोबत डबा खातात, तर त्यांची 'जोडी' लावून हसायचं. चेष्टा आपली होते, मैत्री त्यांची तुटते.

मुलग्यांच्या रडण्याचं काय? "मुलगा असून रडतोस?" हे तर गेलंच पाहिजे, पण त्याच्या जागी काही यायलाही हवं. बरेच मुलगे राग एवढी एकच भावना मोठ्याने दाखवतात, कारण बाकीच्यांना त्यांच्याकडे नावं नसतात. तुम्ही नावं पुरवा: "तुला एकटं वाटलं का?" "हिरमुसलास?" "आई कधी येईल याची काळजी वाटतेय?" आणि मुलींना रागाची परवानगी द्या. चिडलेल्या मुलीला "शहाणी मुलगी ना तू" म्हणून गप्प करू नका. राग चालेल, मारणं चालणार नाही, हा नियम दोघांनाही सारखाच.

शरीराच्या सगळ्या भागांना खरी नावं वापरा, लाजून दुसरीकडे न बघता. ज्या मुलाला शब्द माहीत असतो, त्याला काही बिघडलं तर सांगता येतं. एखादं मूल लैंगिक स्वरूपाचं काही वारंवार करून दाखवत असेल, कुणावर तशी जबरदस्ती करत असेल किंवा एखाद्या मोठ्या माणसाला विलक्षण घाबरत असेल, तर वर्गात त्याची उलटतपासणी घेऊ नका. जे दिसलं, जे कानावर पडलं, ते त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना लगेच कळवा.

सातवी पायरी: पालक

मूल आजारी पडलं की आधी फोन कुणाला जातो? नेहमी आईलाच जात असेल तर अर्जावर विचारून घ्या आणि जे लिहिलंय ते पाळा. पालकसभेचा निरोप "सर्व मातांना" नको. बाबांना खुर्च्या उचलायला बोलावण्यापेक्षा गोष्ट वाचायला बोलवा. आणि खुर्च्या उचलायला दोघांनाही.

विरोध होईलच. "आमचा मुलगा बाहुल्या खेळतो म्हणे?" असं विचारणाऱ्या वडिलांशी विचारसरणीवर वाद घालू नका. त्यांच्या प्रश्नामागे बहुधा भीती असते: मुलाला लोक हसतील, तो वेगळा निघेल. कोणत्या खेळण्यांशी खेळलं याने मूल घडत-बिघडत नाही, हे सांगा, आणि त्याने खेळात काय केलं ते तपशिलात सांगा: "काल त्याने बाहुलीला ताप आला म्हणून तीन जणांना शांत बसवलं, एकाला पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः डॉक्टर झाला." मुलाचं कौतुक ऐकून कुणाचा पालक मऊ होत नाही? मात्र "घरी सांगू नका, पण..." अशी गुपितं मुलाशी कधीच करू नका.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं

मुलगे बाहुल्या खेळतात का आणि मुली फुटबॉल खेळतात का, हे मोजून काही हाती लागत नाही. मोकळ्या खेळाच्या वेळेत दर पाच मिनिटांनी वर्गावर नजर टाका आणि मिश्र गट किती आहेत ते लिहा. "थांब" म्हटल्यावर खेळ खरंच थांबतो का, की दोनदा-तीनदा म्हणावं लागतं, ते बघा. कुणी चिडवलं तर बाजूला उभं असलेलं तिसरं मूल काही बोलतं का? सगळ्यात उशिरा दिसतो तो हा बदल. तीन महिन्यांनी तो पहिला, मधोमध रेघ मारलेला कागद परत घ्या आणि त्याच आठवड्याच्या खुणा पुन्हा करा. मुलांच्या आधी स्वतःच्या.